बिबट्याला रेडिओ कॉलर कशी बसवतात? तिची चाचणी कशी होते?

शिक्रापूर, शिरूरपासून आंबेगाव, जुन्नरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात बिबट्या पिंजऱ्यात अडकला की दोन मागण्या हमखास होतात. 'लांब नेऊन सोडा' आणि 'गळ्यात कॉलर घाला, म्हणजे कुठे आहे ते कळेल.' ही कॉलर नेमकं काय करते?

कॉलरमध्ये काय असतं?

मजबूत पट्टा, बॅटरी आणि रेडिओ ट्रान्समीटर. साध्या व्हीएचएफ कॉलरमधून ठरावीक अंतराने 'बीप' असा संकेत निघतो. हातात अँटेना आणि रिसीव्हर घेऊन तो शोधावा लागतो. जीपीएस कॉलर उपग्रहांच्या मदतीने स्वतःचं ठिकाण नोंदवते आणि ते मोबाइल नेटवर्क किंवा उपग्रहामार्फत पाठवते. अनेक जीपीएस कॉलरमध्ये व्हीएचएफचीही सोय असते.

बसवण्याआधीची चाचणी

बिबट्या शुद्धीवर आला की कॉलर दुरुस्त करता येत नाही. म्हणून तपासणी आधीच होते.

१. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक कॉलरवर चुंबक लावलेलं असतं. ते काढलं की ट्रान्समीटर सुरू होतो.
२. रिसीव्हर त्याच फ्रिक्वेन्सीवर लावून बीप ऐकतात. जवळून आणि लांबूनही.
३. कॉलर मोकळ्या आकाशाखाली ठेवून जीपीएसने दाखवलेलं ठिकाण बरोबर आहे का, ते पाहतात.
४. ते ठिकाण संगणकापर्यंत पोहोचतं का, हेही तपासतात.

प्रत्यक्ष बसवताना

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. पशुवैद्यक त्याला बेशुद्ध करतात, डोळे झाकतात, श्वास आणि तापमानावर लक्ष ठेवतात. कॉलरचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवतात. ५० किलोच्या बिबट्यासाठी ३ टक्के म्हणजे दीड किलो. पट्टा फार घट्ट झाला तर जखम होते आणि सैल राहिला तर पंजा अडकतो. वाढत्या वयाच्या पिल्लांना म्हणूनच अशी कॉलर घालत नाहीत. बिबट्या उठण्याआधी संकेत पुन्हा एकदा तपासतात.

'आजोबा'ची गोष्ट

शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर इथे २००९ मध्ये एक वयस्कर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढल्यावर वन विभाग आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला जीपीएस कॉलर बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. पुढच्या काही आठवड्यांत तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात पोहोचला. वाटेत त्याने महामार्ग आणि रेल्वेमार्गही ओलांडले. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपटही आला.

'लांब सोडलं की प्रश्न मिटला' हा समज किती कच्चा आहे, ते या एका कॉलरने दाखवून दिलं. सोडलेला बिबट्या तिथेच थांबेल असं नाही.

कॉलर म्हणजे धोक्याचा भोंगा नाही

बॅटरी टिकावी म्हणून जीपीएस कॉलर दिवसातून ठरावीक वेळाच ठिकाण नोंदवते. मोबाइलवर चालणारी कॉलर रेंजबाहेर गेली तर संदेश उशिरा येतो. म्हणजे नकाशावरचा ठिपका 'बिबट्या तेव्हा इथे होता' एवढंच सांगतो. आणि कॉलर नसलेल्या बाकीच्या बिबट्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

त्यामुळे परिसरात कॉलर घातलेला बिबट्या असला तरी काळजी तीच घ्यावी लागते. रात्री उसाला पाणी द्यायला एकट्याने जाऊ नये, हातात बॅटरी ठेवावी, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावं, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नये आणि जनावरं बंदिस्त गोठ्यात बांधावीत.