मोटारीचा पाटा टेकतो कुठे?

बैलगाडीला पाटे नसतात हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. चाक दगडावर चढले की त्याचा दणका आसातून थेट गाडीच्या साटीला बसतो, आणि साटीतून बसणाराच्या पाठीला. साटी लाकडाची, जाडजूड; ती बिचारी सोसते. माणसाची पाठ काही तितकी सोशीक नाही! म्हणून चाक आणि बसणारा यांच्यामध्ये काहीतरी लवचिक घालावे, हा विचार घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीच सुचला. आधी चामड्याचे पट्टे आले, मग पोलादाच्या पट्ट्या. इंग्लंडमधील ओबाडिया इलियट नावाच्या कारागिराने १८०४-०५ च्या सुमारास लंबगोल पोलादी कमानींवर बग्गी बसवली आणि तिच्या खालचा जड लाकडी दांडा काढून टाकला. गाडी हलकी झाली, प्रवास सुखाचा झाला.

पुढे मोटार आली, तीही या बग्गीचाच वारसा घेऊन. खाली लोखंडी सांगाडा, त्याला टांगलेले पाटे, आणि वर ठेवलेली बसण्याची पेटी. पेटीचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसे. पण सांगाडा शाबूत असेपर्यंत चाके जागच्या जागी राहत.

मग एक मोठा बदल घडला. सांगाडा वेगळा कशाला हवा? पेटीच इतकी भक्कम घडवावी की तिनेच सगळा भार पेलावा, असा विचार पुढे आला. इटलीतील लान्सिया कंपनीची ‘लाम्ब्दा’ ही मोटार १९२२ साली या धर्तीवर निघाली. फ्रान्समधील सित्रोएनने १९३४ मध्ये संपूर्ण पोलादी पेटीची गाडी काढली. १९५३ साली फियाटची ११०० ही लहान मोटारही अशीच आली. तिचा रचनाकार दान्ते जाकोसा. अंड्याचे कवच पातळ असते, तरी आकारामुळे भार पेलते ना? तसाच हा प्रकार.

या मोटारीचा आपल्याशी जवळचा संबंध आहे बरं का! सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ची सुधारलेली आवृत्ती तयार होऊ लागली, आणि १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी तुमच्या डोळ्यांपुढे येते, ती हीच. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांनी जपलेल्या गाड्या.

आणि या जपलेल्या गाड्यांचे नाजूक ठिकाण कोणते म्हणाल, तर मागच्या पाट्याची बैठक. म्हणजे पाट्याचे टोक गाडीच्या पेटीला जिथे बोल्टने जोडलेले असते ती जागा. पाट्याचे पुढचे टोक रबरी बुशासह तिथे घट्ट असते. मागचे टोक मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असते. कारण भार पडला की कमान सरळ होते, लांब होते, आणि त्या लांबीला जागा लागते. पाटा नुसते दणके सोसत नाही. मागचा आस त्यालाच बांधलेला असल्यामुळे चाकांची गाडी पुढे ढकलण्याची ताकद आणि ब्रेकची ओढ, दोन्ही पुढच्या बैठकीतूनच पेटीत जातात. ती बैठक फाटली की आस तिरपा होतो, गाडी खेकड्यासारखी चालू लागते, आणि ऐन ब्रेक लावताना दगा देते. इथे प्रश्न शोभेचा राहत नाही, जिवाचा होतो.

ही बैठक सडते कशी? चाकाने उडवलेला चिखल पत्र्याच्या सांध्यात साचतो, आठ-आठ दिवस ओला राहतो. त्यातून मुंबईची खारी हवा! गंज आतून खात येतो आणि वर रंग मात्र चकचकीत. वरून कीर्तन, आतून तमाशा! पुष्कळदा मालक कुरकुर ऐकून नवे पाटे घालतो. दुखणे बैठकीत आणि औषध पाट्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. कागदाला भोक पाडून दोरा ओवा आणि ओढा. कागद लगेच फाटतो. आता भोकाभोवती पुठ्ठ्याची रुंद चकती चिकटवून पुन्हा ओढा. कागद तोच, पण आता तो टिकतो. कारण ओढ मोठ्या जागेवर पसरली. पाट्याच्या बैठकीचे सारे शास्त्र यात आले.

दुरुस्तीही याच तत्त्वाने चालते. प्रथम दोन्ही बाजूंची पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरे मोजावीत. ती सारखी नसली तर बैठक हलली असल्याचा संशय घ्यावा. मग गाडी सपाट जमिनीवर घेऊन धडक्या भागाखाली पक्के टेकू द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही खाली शिरू नये. बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी उतरवावी, मगच ज्योत पेटवावी. चांगल्या बाजूच्या भोकांची मापे घेऊन ठेवावीत. सडका पत्रा चकाकते लोखंड लागेपर्यंत कापावा. गंजावर वेल्डिंग धरत नाही, आणि पुट्टीने भार पेलला जात नाही. नवा पत्रा मूळच्याच जाडीचा घ्यावा. फार जाड ठिगळ लावले तर त्याच्या कडेला शेजारचा पातळ पत्रा चिरतो. वेल्डिंग थोडे थोडे, जागा बदलत करावे. सलग केले तर पत्रा पिळवटतो. शेवटी आतल्या पोकळीत गंजरोधक मेण सोडावे, पाणी निघायची भोके मोकळी ठेवावीत, आणि बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते.

एक गोष्ट मात्र करू नये. पाट्यालाच वेल्डिंग करू नये. आपल्या गावचा लोहार जुन्या पाट्याचे कोयते घडवतो. पोलादाला पाणी कसे द्यावे आणि ते कशाने उतरते, हे त्याला विचारा. वेल्डिंगच्या धगीने पाट्याचे पाणी उतरते, आणि पुढच्या खड्ड्यात तो तुटतो.

तेव्हा जुनी मोटार पाहायला गेलात तर रंगावर जाऊ नका. खाली वाका, पाट्याच्या बैठकीवर हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर मन थोडे निर्धास्त करा. बदबद आवाज आला, तर आधी पत्रा, मग पाटा, आणि रंग सर्वांत शेवटी.