वृद्ध व अपंग यांचे वारसा व निर्वाहविषयक हक्क

वार्धक्य, व्याधी वा अपंगत्व यांमुळे स्वतःच्या श्रमावर उपजीविका करू न शकणाऱ्या व्यक्तीस कुटुंबाच्या मालमत्तेतून आणि शासनाच्या निधीतून आधार मिळवून देणारे हक्क. भारतात या हक्कांचा विकास दोन प्रश्नांभोवती झाला : अशा व्यक्तीस मालमत्तेत हिस्सा द्यावयाचा, की केवळ अन्नवस्त्र, आणि कुटुंबाचा आधार तुटल्यास तिचा भार कोणी उचलावयाचा. ‘अपंग’ या शब्दाऐवजी आता ‘दिव्यांग’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : मनुस्मृतीने जन्मांध, जन्मबधिर, मुके, वेडे, जडबुद्धी व इंद्रियहीन व्यक्तींना दायभागातून वगळले, तथापि त्यांना यथाशक्ति अन्नवस्त्र देणे हे हिस्सेदारांचे कर्तव्य ठरविले व ते न देणारा पतित होतो, असे सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीने या यादीत पांगळे व असाध्य रोगाने ग्रस्त यांचाही समावेश केला. परंतु त्यांचे निर्दोष पुत्र हिस्स्यास पात्र मानले आणि त्यांच्या कन्यांच्या विवाहापर्यंतच्या पोषणाची जबाबदारी कुटुंबावर टाकली. या बहिष्काराचे एक कारण धार्मिक होते. अंगहीनास यज्ञाचा पूर्ण अधिकार नाही व धन हे यज्ञासाठीच असते, अशी विचारसरणी त्यामागे होती. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या प्रारंभी, विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिली. विधवेच्या वारसाहक्काची चर्चा करताना त्याने सर्व धन यज्ञासाठीच असते, हे मत खोडून काढले. अपंगांचा बहिष्कार मात्र त्याने कायम ठेवला. त्याची तीव्रता मात्र त्याने कमी केली. वाटणीनंतर उद्भवलेल्या दोषामुळे मिळालेला हिस्सा जात नाही आणि वाटणीनंतर औषधोपचाराने दोष दूर झाल्यास, विभागानंतर जन्मलेल्या पुत्राप्रमाणे, त्या व्यक्तीस हिस्सा मिळतो, असा निर्णय त्याने दिला.

ब्रिटिश अंमल : इंग्रजी न्यायालयांनी हे नियम खटल्यांतून निश्चित केले. आंधळेपणा, बहिरेपणा व मुकेपणा हे दोष जन्मजात आणि असाध्य असले, तरच ते वारसास बाधक ठरत. वेडेपणा मात्र वारसा खुला होण्याच्या वेळी असला तरी पुरेसा मानला जाई. कुष्ठरोगाच्या बाबतीत केवळ तीव्र व असाध्य प्रकारच बाधक समजला जाई. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतर वा जातिबहिष्कार यांमुळे येणारी अपात्रता नष्ट केली. शारीरिक व मानसिक दोषांवरील अपात्रता मात्र आणखी पाऊणशे वर्षे टिकली. मुस्लिम विधीत असे दोष वारसास मुळातच बाधक नव्हते.

हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम, १९२८ ने रोग, व्यंग वा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणावरून कोणासही वगळू नये, असे ठरविले. त्याला दोन मर्यादा होत्या. जन्मतः वेडा वा मूढ असलेली व्यक्ती अपात्रच राहिली आणि बंगालमधील दायभाग संप्रदायास हा अधिनियम लागू नव्हता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २८ ने या दोन्ही मर्यादा काढून टाकल्या व सुमारे दोन सहस्रकांची परंपरा संपुष्टात आणली.

मृत्युपत्र आणि उरलेली उणीव : १९५६ च्या सुधारणेने हिस्सा दिला, पण अन्नवस्त्राची जुनी हमी तशीच ठेवली नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३० नुसार हिंदूस आपली मालमत्ता, एकत्र कुटुंबातील आपल्या अविभक्त हिश्श्यासह, मृत्युपत्राने कोणासही देता येते. त्याच वर्षीच्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात मृताच्या मालमत्तेतून निर्वाह मागू शकणाऱ्या आश्रितांच्या यादीत पुत्राचा समावेश तो अज्ञान असेपर्यंतच आहे. सज्ञान अपंग पुत्राचा उल्लेख तीत नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ ने शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यास पोटगीचा हक्क स्पष्टपणे दिला. मात्र तो हयात माता-पित्यांविरुद्ध बजावता येतो. म्हणून पित्याने स्वार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करून अशा पुत्रास वगळले, तर स्मृतिकारांनी भावांवर घातलेले बंधन आज विधीने त्या भावांवर उरत नाही. गोव्यात याउलट पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार मालमत्तेचा निम्मा भाग निकटच्या वारसांसाठी राखून ठेवावा लागतो व तेवढ्यापुरते मृत्युपत्राचे स्वातंत्र्य मर्यादित होते.

केवळ हिस्सा नावावर असणेही पुरेसे नसते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अनुसार अंध, बधिर वा मूक व्यक्तीस आपल्या कृतीचा अर्थ कळत असल्यास मृत्युपत्र करता येते. ज्यांना मालमत्तेचा व्यवहार समजत नाही, त्यांच्या बाबतीत मात्र आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व वयाच्या अठराव्या वर्षी संपते. अशा अपत्यासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खाजगी न्यास करण्याची व्यवस्था उपयोगी पडते. मालकी विश्वस्तांकडे राहते व उत्पन्न लाभार्थीस मिळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविध अपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मालमत्ता धारण करण्याचा व वारशाने मिळविण्याचा समान हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसवर नेले.

सार्वजनिक साहाय्य : कुटुंब नसलेल्या वा निर्धन व्यक्तींसाठी वार्धक्यवेतन देण्यास राज्यांनी प्रारंभ केला. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये अशी योजना सुरू केली. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाखाली ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये देण्यास प्रारंभ केला. २००७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील सर्व पात्र वृद्धांना ही योजना लागू झाली, २००९ मध्ये तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी स्वतंत्र वेतन सुरू झाले आणि २०११ मध्ये वृद्धांची वयोमर्यादा ६० वर्षांवर आणली गेली. हे साहाय्य दारिद्र्याच्या निकषाशी जोडलेले असल्यामुळे वारसा व साहाय्य यांत विसंगती निर्माण होते. कागदोपत्री जमिनीचा तुकडा नावावर असलेली, पण त्यातून काहीच न मिळणारी व्यक्ती साहाय्यास मुकण्याचा संभव असतो.

वृद्धांच्या बाबतीत प्रश्न उलट दिशेने उभा राहिला : त्यांच्यापाशी मालमत्ता असे, पण ती बक्षीसपत्राने मुलांच्या नावे केल्यावर आधार नाहीसा होई. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित कन्याही माता-पित्यांच्या पोटगीस बांधील असल्याचा निर्णय दिला. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ ने निर्वाहासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे स्थापन केली आणि निःसंतान वृद्धाचा निर्वाह त्याची मालमत्ता धारण करणाऱ्या वा तिचा वारस होणाऱ्या नातेवाइकावर टाकला. याच्या कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर केलेले हस्तांतरण, ती अट न पाळल्यास, रद्द करता येते. अशी अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ मध्ये हे कलम वृद्धांच्या हितास पोषक अशा उदार दृष्टीने लावावे, असे त्याने प्रतिपादिले. बक्षीसपत्रातच सांभाळाची अट लिहिणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

अन्नवस्त्राकडून हिश्श्याकडे झालेली ही वाटचाल समतेच्या दृष्टीने मोठी आहे. तथापि हिस्सा मिळाल्याने निर्वाहाचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हेही या इतिहासावरून दिसून येते. वारसा, पालकत्व व सार्वजनिक साहाय्य हे तीन विषय विधीने वेगवेगळे हाताळले आहेत. पराधीन व्यक्तीच्या आयुष्यात मात्र ते एकत्रच येतात आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम अद्याप बहुतांशी आई-वडिलांच्या दूरदृष्टीवरच अवलंबून आहे.