दिनविशेष : २६ ऑगस्ट
राम मोहन यांचा जन्म (१९३१)

भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले जाणारे राम मोहन यांचा आज जन्मदिन. १९५६ मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले. डिस्नेचे क्लेअर वीक्स तेव्हा तिथे शिकवत होते. एका सेकंदाला २४ चौकटी, आणि चित्रे हातानेच काढायची. धीर नसलेल्याचे ते काम नव्हे. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तला ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. युगो साको यांच्यासोबत केलेला ‘रामायण’ १९९२ चा.

पण घराघरांत पोचली ती ‘मीना’. युनिसेफसाठी केलेली ही मालिका दूरदर्शनवरही दाखवली गेली. एका भागात मीना झाडावर चढून आंबा काढते आणि घरी मोठी फोड मिळते ती भावाला, राजूला. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात. घरकाम करून राजूचा पिट्ट्या पडतो, वर ताटातही कमीच येते! पोपट मिठू सोबतीला आहेच. हे घर मावळातल्या एखाद्या वाडीतही सहज खपून गेले असते. उपदेश असूनही मुले टीव्हीसमोरून हलत नसत, हे श्रेय दिग्दर्शकाचे.

२०१४ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. तशी उशिराच म्हणायची. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.