धुक्याच्या बेटावरची सुगी



आज तुम्हाला पार जपानला घेऊन जाते. जपानच्या दक्षिणेला समुद्रात याकुशिमा नावाचं एक गोलसर बेट आहे. बेट लहान, पण मधला डोंगर १,९३६ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. समुद्रावरून आलेले ढग त्याला अडतात आणि बरसतात. ‘महिन्याचे पस्तीस दिवस पाऊस’ असं तिथले लोक गमतीनं म्हणतात. त्या पावसात, धुक्यात आणि शेवाळात सुगीचं जंगल उभं आहे. सुगी म्हणजे आपली पिकाची सुगी नव्हे हं, जपानी भाषेत ते एका उंच, सरळ झाडाचं नाव. हजार वर्षं पुरी झाली तरच त्याला ‘याकुसुगी’ म्हणायचं. त्याहून कमी वयाची ती ‘कोसुगी’, म्हणजे छोटी सुगी.

पाहायला जाणाऱ्यांना वाटतं, इथं कधी माणसाची कुऱ्हाड लागलीच नसेल. पण चालता चालता जागोजागी मोठाले बुंधे दिसतात, शेवाळानं झाकलेले. ते कुऱ्हाडीनंच तोडलेले आहेत.

पूर्वी बेटावरची माणसं ही झाडं देवाची मानत, तोडायला धजत नसत. १७ व्या शतकात तोमारी ज्योचिकू नावाचा तिथलाच एक विद्वान भिक्षू होता. लोकांची गरिबी पाहून त्यानं झाडं तोडायला सांगितलं. अशी कथा आहे, की तो डोंगरात देवाजवळ जाऊन राहिला आणि परत येऊन म्हणाला, ‘रात्री झाडाला कुऱ्हाड टेकवून ठेवा. सकाळी ती पडलेली नसेल, तर देवाची परवानगी आहे असं समजा.’

मग तोड सुरू झाली. बेटावर भात फारसा पिकत नव्हता, म्हणून तिथले सरदार, शिमाझू घराणं, कर म्हणून लाकूडच घेत. सुगीच्या लाकडात राळ भरपूर, ते लवकर कुजत नाही. त्याच्या पातळ पट्ट्या काढून घरांची छपरं शाकारत. माणसं डोंगरात झाड पाडायची, तिथंच पट्ट्या फोडायची आणि पाठीवर ओझी घेऊन उतरायची. निम्म्याहून जास्त याकुसुगी त्या काळात गेली, असा अंदाज आहे.

पुढे राज्य बदललं. नव्या सरकारनं डोंगर सरकारजमा केला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला, तिथं गावकरी परके झाले. १९०४ साली ते कोर्टात गेले. खटला १६ वर्षं चालला आणि १९२० साली ते हरले. वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन तालुक्याला खेटे घातलेल्या बायांना यात नवल वाटणार नाही. तरी भांडण अगदी वाया गेलं नाही. पुढच्याच वर्षी सरकारनं गावांजवळचं सुमारे ७ हजार हेक्टर रान लोकांच्या वापरासाठी ठेवलं.

आणि वरच्या रानात? तिथं १९२३ साली लाकूड वाहायला रेल्वेचे रूळ टाकले. कोसुगिदानी नावाची कामगारांची वस्ती वसली, शाळा झाली. १९६० साली तिथं सुमारे ५४० माणसं राहत होती. यांत्रिक करवती आल्यावर तोड झपाट्यानं वाढली. १९७० साली वस्ती उठली. त्यानंतर बेटावरच्याच तरुणांनी तोडीविरुद्ध आवाज उठवला. १९९३ साली जंगल जागतिक वारसा झालं.

आज चालणारे त्याच रुळांवरून जातात. जाऊन-येऊन २२ किलोमीटर, दहा-अकरा तासांची पायपीट. पहाटे अंधारात निघायचं, पाठीवर डबा आणि रेनकोट घ्यायचा. शाळेची मोकळी जागा वाटेत लागते. पुढे एक जुना बुंधा आहे, आत इतका पोकळ की माणसं आत जाऊन उभी राहतात. आत झरा वाहतो, छोटं देऊळही आहे.

वाटेच्या शेवटी ज्योमोन सुगी. बुंध्याचा घेर १६ मीटरांहून जास्त. वय कुणी दोन हजार सांगतं, कुणी सात हजार. पायांनी मुळं उघडी पडायला लागली, म्हणून आता लाकडी माचावरूनच ती पाहायची, हात लावायचा नाही. एवढं मोठं झाड त्या तोडणाऱ्यांनी कसं सोडलं? बुंधा गाठींचा, वेडावाकडा, त्यातून सरळ पट्टी निघाली नसती. म्हणून कुणी त्याला कुऱ्हाड लावली नाही.