भोकाचं माप

नौबादच्या आमच्या घरी सूर्यास्ताआधीची जेवणं उरकली की ओसरीवर कॅरम निघायचा. बोर्ड सुताराकडून करून घेतलेला. पोरींचा हिरमोड नको म्हणून काकांनी कोपऱ्यांतली भोकं ऐसपैस पाडायला लावली होती. सोंगटी कशीही मारा, कोपऱ्याशी गेली की पडलीच. आम्ही चुलतबहिणी स्वतःला पट्टीच्या खेळाडू समजत होतो.

कॉलेजात स्पर्धेच्या बोर्डासमोर बसले आणि पहिल्याच डावात घाम फुटला. तिथं भोक 44.5 मिलिमीटरचं, सोंगटी फार तर 31.8 ची. म्हणजे मोकळीक तेरा मिलिमीटरही नाही. माझ्या सोंगट्या भोकाच्या कडेवर आपटून परत येत होत्या. स्ट्रायकर जास्तीत जास्त 41.3 चा, तो त्याच भोकात जेमतेम मावतो. आमच्या घरच्या भोकांत मात्र तोही धपाधप पडायचा, आणि त्याचा दंड आम्ही आपापसांत माफ करून टाकला होता! स्ट्रायकर आवरायचा असतो, हे त्यामुळं कधी शिकलोच नाही.

असंच भांडण लंडनमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर झालं होतं. पटाईत खेळाडू लाल चेंडू एकाच जागेवरून पुन्हापुन्हा खिशात घालून गुणांचा डोंगर रचत. म्हणून 11 फेब्रुवारी 1870 च्या अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी एरवी साडेतीन इंचांहून मोठे असलेले खिसे तीन इंचांवर आणले. तरुण विल्यम कुकनं थोरल्या जॉन रॉबर्ट्‌सला 117 गुणांनी हरवलं.

हे खेळ इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आपल्याकडं आले. स्नूकर तर 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीतच जन्मला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी 1958 मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. क्लबातली ती टेबलं आमच्यासारख्या घरच्या बायकांच्या वाट्याला कुठून येणार? आम्हाला ओसरीवरचा कॅरम.

पूलच्या टेबलावर चेंडू सुमारे 57 मिलिमीटरचा आणि कोपऱ्यातल्या खिशाचं तोंड जवळजवळ त्याच्या दुप्पट. नवख्याला ते बरं, चार चेंडू पडले की हुरूप येतो. पण मला गंमत वाटते ती मुरलेल्या खेळाडूची. खिसा रुंद असला की तो चेंडू मुद्दाम एका अंगाला घालतो, म्हणजे पांढरा चेंडू पुढच्या फटक्याला हवा तिथं जाऊन थांबतो. नवख्याची चूक झाकणारी जागा त्याच्या हातात हत्यार होते. खिसा अरुंद केला की नवख्याचे सोपे फटकेही वाया जातात, मुरलेल्याची ती निवड जाते, आणि कडेला घासत जाणारा चेंडू दोघांनाही छळतो.

यंदा मी नातींसाठी स्पर्धेच्या मापाचा बोर्ड आणला. धाकटी सहा वर्षांची, तिला अजून काकांचाच बोर्ड देते. थोरली नव्यावर दोन दिवस रुसली. 'आजी, भोकं लहान का केलीत?' म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं स्ट्रायकर अगदी हळू सोडला. राणी भोकाच्या कडेवर क्षणभर अडली आणि आत पडली. स्ट्रायकर बाहेरच होता.