गोणपाटातला मालभोग

सुट्टीवर निघालो होतो. गाडी रात्रीची, म्हणून पहाडगंजात वेळ काढत होतो. आमच्या युनिटमधला हाजीपूरचा हवालदार त्याच दिवशी सुट्टी संपवून परतत होता. स्टेशनबाहेर भेटला तेव्हा हातात ओल्या गोणपाटात बांधलेला केळीचा मुनवा. "मालभोग है, घर ले जा." गेल्या वर्षी त्याला वसईची सुकेळी खाऊ घातली होती, त्याची ही परतफेड.

सुकेळी राजेळीची करतात. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची. आमच्या आळीत राजेळीच्या मुनव्याचे पैसे कुणी घेत नसे. पहिला घड उतरला की एक फणी देणाऱ्याकडे पोचवायची. लागवडीच्या केळीला बी धरत नाही, म्हणून मुनवा म्हणजे आईचंच झाड पुढे चालू. आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं तेव्हा बाग गेली. आजोबांनी पूर्वी शेजारच्या काकांना दिलेल्या राजेळीचे तीन मुनवे काकांनी परत दिले. तीच आज परसात आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आम्हा शिपायांना पाठ, पण त्या बागा कुणी कुणाला मुनवे देऊन टिकवल्या, हे कुठल्या बखरीत शोधायचं?

पहाडगंजच्या हातगाडीवर मात्र एकच केळं: कॅव्हेंडिश. तेही असंच हातोहात पसरलं. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसकडून आलेलं झाड काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात त्याला फूल आलं. मालक ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, तेच केळीला मिळालं. तिथली रोपं जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने सामोआ बेटांवर नेली. जळगावची बसराई याच कुळातली, आणि आजची ग्रँड नैनसुद्धा.

पण मुनव्याबरोबर माती जाते, मातीबरोबर रोग. मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल ही निर्यातीची जात पनामा मर रोगाने अशीच संपवली. बुरशी मुळांतून शिरते, आतल्या नळ्या तुंबतात, पानं पिवळी पडून खाली लोंबतात. जमिनीत ती अनेक वर्षं जगते. मग कंपन्यांनी कॅव्हेंडिश लावली, कारण तिला तो रोग होत नसे. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. मालभोग तर जुन्याच रोगाने वैशाली भागात जवळजवळ संपली. म्हणूनच तो मुनवा त्याच्या लेखी सोन्याचा.

मी नाही म्हणालो. त्याला वाटलं, ओझं नको म्हणून टाळतोय. चहाच्या टपरीवर बसून कंदाला चिकटलेली माती दाखवली. "दिसायला निरोगी आहे, पण आत काय आहे ते तुला माहीत नाही, मलाही नाही. हा माझ्या परसात लावला आणि माती खराब असली, तर काकांनी परत दिलेली राजेळी जाईल, आणि मग काकांचीही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मालभोग संपताना त्याने घरी पाहिलेली होती, त्याला जास्त समजावावं लागलं नाही.

पिशवीतली पिकलेली चार मालभोग त्याने दिली, ती तिथेच खाल्ली. आंबट-गोड, सुवासिक. मुनवा तो युनिटला घेऊन गेला. आमची लाईन वाळवंटात, आसपास केळीची बाग नाही.

परवा त्याचा फोटो आला: लाईनमागे दोनशे लिटरचं पिंप, बुडाला भोक नाही, आणि वर एक गुंडाळलेलं नवं पान.