कोयनेचे फोटो आणि फोटोतली माणसे



या स्मरणिकेसाठी आम्ही कशेळीत घरोघरी जुने फोटो मागत फिरलो. तेव्हा आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने ट्रंकेतून पाच फोटो काढून दिले. त्याचे वडील सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. कोयना धरणावर ते मजूर होते.

एका फोटोत अर्धी झालेली भिंत आहे. बाया डोक्यावर घमेली घेऊन ओळीने चालल्या आहेत. हेच धरण १९६४ साली पूर्ण झाले. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या वर. अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि भुयारातल्या यंत्रांवर वीज होते. आम्ही मागावरची माणसे. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते, म्हणून ती कुठून येते याचे आम्हाला मोल आहे.

दुसऱ्या फोटोत कोयनानगरची कामगार वसाहत आहे. ओळीने घरे, दोरीवर कपडे, दारात हंडा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली आणि वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या भिंतीलाही वरच्या भागात तडे गेले. पुढे भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली. त्यामुळे तारीख नसलेला फोटोही ओळखता येतो. पूर्ण भिंत आहे पण टेकू नाहीत, तर तो टेकू देण्याआधीचा समजावा.

जी गावे पाण्याखाली गेली त्यांचा एकही फोटो या पाचांत नाही. तिथली माणसे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगली. जमिनीच्या हक्कासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही मोर्चे काढावे लागले.

आपल्याला धरणाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होते, हे आपण सांगतो. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते, हे थोड्यांना ठाऊक असते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या काळात आकाराला आली. ओरिसातल्या नद्यांसाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला परिषद झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. पूर रोखावा, शेतीला पाणी द्यावे, वीज करावी, ही सारी कामे एकाच योजनेतून व्हावीत असा त्यांचा आग्रह होता.

आता मुख्य गोष्ट. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे, “साहेबांची भेट”. साहेबांचे नाव आहे, हुद्दा आहे. घमेली उचलणाऱ्या बायांच्या फोटोमागे काहीच नाही. सहकाऱ्याची आई आता ऐंशीच्या पुढची. तिने चष्मा लावून बोट ठेवले, “ही मी, ही माझी जाऊ, ही शेजारीण.” चौथी बाई तिला आठवेना. बराच वेळ फोटो हातात धरून बसली, पण नाव आले नाही. ते नाव आता कायमचे गेले, असे आम्हाला वाटते.

म्हणून विनंती आहे. घरातले जुने फोटो काढा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि मागच्या बाजूला हलक्या पेन्सिलीने नाव, गाव, साल, काम लिहा. साहेबांची नावे सरकारी दप्तरात राहतील. आपल्या आयांची नावे आपणच लिहिली पाहिजेत.

जयभीम!